नागूबाईची नवी शीळ

शिमगा झाला आणि तिसऱ्या दिवसापासून नागूबाईचा दात ठणकायला लागला. पहिले चार दिवस तिनं घरात कुणाला पत्ता लागू दिला नाही. भाकरी उजव्या अंगानं चावायची, चहा गार करून प्यायची, आणि फारच कळ आली की दाताखाली लवंग धरून मेंढरांमागं चालायला लागायची.

दात वरचा, डावीकडचा, सुळ्याला लागून असलेला. दोन वर्षांमागं पाणी पाजताना एका माजलेल्या एडक्यानं तिच्या तोंडावर धडक मारली होती. ओठ फाटला, तो आठ दिवसांत भरून आला. दात मात्र हळूहळू काळा पडत गेला. दुखत नव्हता म्हणून नागूबाईनं तो तसाच ठेवला. आता दोन वर्षांनी त्यानं डोकं वर काढलं होतं.

जळकोटच्या बाहेर, हायवेपासून दोन शेतं आत, नागूबाईचं घर होतं. नवरा महारुद्र, सून ज्ञानेश्वरी, एक कुत्रा आणि एकशे बारा मेंढरं. मुलगा कुमार तुळजापूरला एका शाळेत शिपाई होता, तो शनिवारी संध्याकाळी यायचा. मेंढरं महारुद्राच्या नावावर असली तरी ती चालायची नागूबाईच्या शिळेवर, हे सगळ्या शिवाराला ठाऊक होतं. तोंडात बोटं न घालता, जीभ वरच्या दातांमागं टेकवून ती अशी काही शीळ घालायची की पार ओढ्यापलीकडं चरणारी मेंढी मान वर करायची. लांब शीळ म्हणजे ‘माघारी फिरा’. दोन तुटक शिळा म्हणजे ‘पाण्यावर चला’.

लग्न होऊन आली तेव्हा सासूनं, मल्लम्मानं, पहिल्याच आठवड्यात दटावलं होतं, “बाईमाणसानं शीळ घालू न्हाय. घरातली लक्ष्मी उठून जाती.” नागूबाईनं शीळ थांबवली. पण त्याच वर्षी उन्हाळ्यात गारांचा मारा सुरू झाला, मेंढरं चौफेर उधळली, आणि नव्या सुनेनं एका शिळेसरशी सगळी एका वडाखाली आणली. त्यानंतर मल्लम्मा दारात उभी राहून स्वतःच म्हणायची, “नागू, घाल गं शीळ, दिस कलला.”

तर असा तो दात. पाचव्या दिवशी सकाळी नागूबाई उठली ती डावा गाल भोपळ्यासारखा घेऊन. ओठ एकीकडं ओढला गेला होता आणि सूज डोळ्याखाली पोचली होती.

महारुद्रानं तिच्याकडं बघितलं आणि हातातला चहाचा कप खाली ठेवला.

“नागू, हे काय झालं गं?”

“काय न्हाय. गांधीलमाशी चावली.”

“आन् म्या चाळीस वर्सं गांधीलमाश्या बघितल्याच न्हाईत व्हय?”

ज्ञानेश्वरी गावात आशाताई होती. लसीकरण, बाळंतपणं, गोळ्या-औषधं यांत तिचा दिवस जायचा. ती आतून आली, सासूच्या हनुवटीला हात लावून तिनं तोंड उघडायला लावलं आणि म्हणाली, “आत्या, दातात पू झालाय. आज नळदुर्गला जायचं. डॉक्टरीण बाई चांगल्या हायेत, मी बोलते त्यांच्याशी.”

“दात काढायचा न्हाय,” नागूबाई म्हणाली.

“का?”

तिच्या मनात भीती होती ती सुईची नव्हती, चिमट्याचीही नव्हती. तिच्या माहेरी एका चुलत्यानं वरचा दात काढून घेतला होता आणि वर्षभरात त्याला दिसेनासं झालं होतं. वरच्या दाताची शीर डोळ्याला जाते, दात उपटला की डोळा विझतो, असं तिनं लहानपणापासून ऐकलं होतं. कान गेले तरी मेंढरं राखता येतात, पाय दुखला तरी काठी टेकत जाता येतं. नजर गेली तर मेंढकीनं काय करायचं?

तिनं हे सगळं सांगितलं. ज्ञानेश्वरीनं ऐकून घेतलं. मग भिंतीवरचा आरसा काढून तिनं सासूच्या समोर धरला.

“बगा. डावा डोळा उघडून दावा मला.”

नागूबाईनं प्रयत्न केला. पापणी अर्धीच वर आली.

“दात काढल्यावर डोळा जाईल म्हणून तुमी बसून राहिलाव, आन् दातानं बसल्याजागी डोळा झाकायला घेतलाय,” ज्ञानेश्वरी म्हणाली. “आता तुमीच ठरवा.”

नागूबाई बराच वेळ आरशात बघत राहिली. मग पदर डोक्यावरून घेऊन म्हणाली, “गाडी काढ.”

स्कूटीवर सून पुढं, सासू मागं, आणि त्यांच्या मागोमाग मोटरसायकलवर महारुद्र. मेंढरं शेजाऱ्याला सांगून मेंढवाड्यातच ठेवली होती.

डॉक्टरीण म्हणजे डॉ. शिवप्रिया. तिशीतली, किडकिडीत, चष्मा लावलेली. तिला बघून नागूबाईचं मन आणखी खचलं. ह्या पोरीच्या मनगटात दात काढायचा जोर कुठून येणार? पण शिवप्रियानं त्या दिवशी दात काढलाच नाही. रक्तदाब बघितला, बोटाला टोचून साखर बघितली, दाताचा फोटो काढला, हिरडीला छोटी चीर देऊन पू वाहून जाऊ दिला आणि तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या.

“सूज उतरू द्या. मग काढू. मुळाशी तुटलाय हा, वाचणार नाही.”

“आन् डोळा?” नागूबाईनं विचारलं.

शिवप्रिया हसली नाही. “दाताची नस वेगळी आणि डोळ्याची वेगळी, मावशी. पण तुम्ही माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवायची गरज नाही. काढल्यावर तुमचं तुम्हीच तपासा.”

हे बोलणं नागूबाईला आवडलं. शपथा घेणाऱ्या माणसापेक्षा ‘बघून घ्या’ म्हणणारा बरा, असं तिचं मत होतं.

तीन दिवसांत गाल उतरला. चौथ्या दिवशी ती खुर्चीवर आडवी झाली. खुर्ची मागं कलताच तिनं दोन्ही हातांनी कडा धरल्या. हिरडीत सुई गेली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ओठ जड झाला, नाकाचा शेंडा जड झाला, आणि अर्धं तोंड दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं वाटायला लागलं.

“मावशी, समोरच्या कॅलेंडरवर नजर ठेवा. आकडे वाचत राहा.”

“मला वाचता येत न्हाय.”

“मग खिडकीतून बघा. रस्त्यापलीकडं काय आहे?”

“शेळ्या.”

“मोजा त्या. नंतर विचारणार आहे मी.”

नागूबाईनं मान किंचित वळवली आणि शेळ्यांवर नजर लावली. चिमटा दाताला लागला. ती वाट बघत होती हिसक्याची. हिसका आलाच नाही. शिवप्रिया दात ओढत नव्हती; ती तो हळूहळू हलवत होती. बाहेर, आत, थोडा वळवून, थांबून, पुन्हा बाहेर, आत. त्या थांबण्यावरून नागूबाईला एकदम ओळख पटली. मेंढी अडली की ती स्वतः हेच करायची. कोकराचा पाय हाताला लागला म्हणून खेचायचं नसतं. वळवायचं, थांबायचं, मेंढीला दम घेऊ द्यायचा, पुन्हा वळवायचं. ताकद लावणाऱ्याच्या हातात कोकरू मेलेलं येतं. ही पोर अडलेल्या दाताचं बाळंतपण करायली होती! नागूबाईच्या हातांनी खुर्चीच्या कडा सोडल्या.

काहीतरी कुरकुरलं, कवटीच्या आत कुठंतरी ‘कट्’ असा आवाज झाला, आणि शिवप्रिया म्हणाली, “झालं.”

“आँ?”

“झालं, मावशी. निघाला.” तिनं कापसाची घडी खड्ड्यावर ठेवली. “घट्ट चावून धरा. आता सांगा, किती शेळ्या?”

नागूबाईनं बोटं दाखवली, सात. मग कापूस दाबल्या तोंडानंच बोलली, “एक मागल्या पायानं लंगडायलीय. डाव्या.”

शिवप्रियानं चष्मा वर करून खिडकीतून बघितलं. तिला शेळ्याच नीट दिसल्या नाहीत, लंगडणारी तर दूरच. ज्ञानेश्वरी दारात जाऊन बघून आली आणि खदखदून हसली. “व्हय मॅडम, लंगडतीय! डावाच पाय!”

नागूबाईनं डावा डोळा मिटला, उघडला. उजवा मिटला, उघडला. रस्ता, शेळ्या, पलीकडच्या दुकानावरची रंगीत पाटी, सगळं होतं तिथंच होतं. छातीवरचं केवढं तरी ओझं उतरलं तिच्या. ताटलीत दात पडला होता. काळा, वाकड्या मुळाचा, शेंगदाण्याएवढाच. एवढ्याशा ऐवजानं आठ दिवस तिला नाचवलं होतं!

मग शिवप्रियानं नियम सांगितले, आणि ते सांगताना तिचा आवाज पहिल्यांदाच कडक झाला.

“आज गरम काही नाही. गार दूध, आइस्क्रीम. उद्यापासून मऊ भात, मिठाच्या कोमट पाण्यानं हलक्या गुळण्या. खड्ड्यात रक्त गोठून खपली धरेल, ती निघता कामा नये. म्हणून जोरात थुंकायचं नाही, काही ओढून प्यायचं नाही, फुंकायचं नाही. मिश्री लावता ना? ती बंद. आणि आठ दिवस...” ती ज्ञानेश्वरीकडं बघून थांबली, कारण सुनेनं तिला आधीच सगळं सांगितलं होतं, “आठ दिवस शीळ घालायची नाही.”

महारुद्रानं मान खाली घातली. आठ दिवस मेंढरं त्यालाच वळवायची होती.

क्लिनिकमधून खाली आल्यावर त्यानं आइस्क्रीमचे तीन कप घेतले. नागूबाईचा ओठ बधिर होता, अर्धं आइस्क्रीम हनुवटीवरून पदरावर आलं. महारुद्र आपल्या रुमालानं ते पुसायला लागला, भर रस्त्यात, सुनेच्या देखत. नागूबाई लाजून म्हणाली, “ऱ्हाऊ द्या वो, लोकं बघायलेत.” पण तिनं तोंड मागं घेतलं नाही.

भूल उतरल्यावर रात्रीपर्यंत दुखलं, पण ते दुखणं वेगळं होतं. आधीचं दुखणं आतून पोखरणारं होतं. हे मार लागल्यासारखं स्वच्छ होतं, गोळी घेतली की गप्प बसणारं. दुसऱ्या दिवशी महारुद्रानं स्वतः भात मऊ शिजवून ताकात कालवला. मीठ दुप्पट पडलं होतं. नागूबाईनं सगळा खाल्ला. मिश्रीची डबी ज्ञानेश्वरीनं कुठं ठेवली ते तिनं विचारलं नाही, पण सकाळी जाग आली की बोट आपोआप हिरडीकडं जायचं आणि ती ते मागं घ्यायची.

मेंढरांचे मात्र हाल होते. महारुद्र “र्रर्र हो, र्रर्र हो” ओरडत दिवसभर पळायचा. मेंढरं त्याच्याकडं बघायची आणि पुन्हा चरायला लागायची. तिसऱ्या दिवशी दुपारी घराच्या ओट्यावरून नागूबाईनं बघितलं तर पन्नासेक मेंढरं एकाच्या कोथिंबिरीच्या वाफ्याकडं निघाली होती आणि महारुद्र बांधावर पाय मुरगळून बसला होता. तिला राहवलं नाही. तिनं जीभ दातांमागं टेकवली, ओठ ताणले आणि फुंकर मारली.

आवाज आला तो ‘फुस्स’ असा. आणि त्याच्या मागोमाग तोंडात गरम, खारट रक्त.

वाफ्याकडची मेंढरं शेजाऱ्यानं दगड मारून वळवली. इकडं नागूबाई कापूस दाबून, डोळे मिटून बसली. ज्ञानेश्वरी लसीकरणावरून परतली तेव्हा तिनं फोनवरून शिवप्रियाला विचारलं. अर्धा तास चावून धरा, थांबलं नाही तर घेऊन या, असं उत्तर आलं. थांबलं. पण सून भलतीच चिडली होती.

“आत्या, गावातल्या धा बायकांना मी रोज सांगते की डॉक्टरचं ऐका. माझ्याच घरात माझं कुणी ऐकत नसंल तर मी कोणत्या तोंडानं सांगू?”

नागूबाईला हे लागलं. रक्तापेक्षा जास्त लागलं. “न्हाय करणार,” ती म्हणाली, आणि तिनं ते पाळलं. आठ दिवस झाले, खात्री म्हणून आणखी दोन झाले. शिवप्रियानं खड्डा बघितला, गुलाबी कातडं धरलं होतं. “छान भरतंय. तीन महिन्यांनी खोटा दात बसवू. आता शीळ घाला खुशाल.”

नागूबाई दवाखान्यातून थेट माळावर गेली. मेंढरं समोर पांगलेली होती. तिनं पदर खोचला, श्वास भरून घेतला.

‘फुस्स.’

पुन्हा घातली. वारा नुसता फटीतून निसटून जात होता. जीभ टेकायला जिथं दात होता तिथं आता काही नव्हतं. तिनं ओठ आवळले, जीभ उजवीकडं नेली, हनुवटी वर केली. दहा वेळा, वीस वेळा. थुंकी उडाली, शीळ आली नाही. एकाही मेंढीनं मान वर केली नाही. चंद्री, तिची म्होरकी, काळ्या तोंडाची थोराड मेंढी, जिच्या मागं सगळा कळप चालायचा, ती पाच हातांवर गवत खात होती. तिनं कानसुद्धा हलवला नाही.

नागूबाई दगडावर बसली. पन्नाशी ओलांडल्यावर बाईचं बरंच काही जातं, त्याचं तिला काही वाटलं नव्हतं. पण शीळ म्हणजे तिचा आवाज होता. बोलताना ती कधी कुणाच्या वर गेली नाही. शिळेत मात्र ती सगळ्या शिवाराच्या वर होती.

महारुद्र लंगडत येऊन शेजारी बसला. मग त्यानं धोतराला हात पुसले, उजव्या हाताची दोन बोटं तोंडात घातली आणि अशी खणखणीत शीळ मारली की नागूबाई दचकून उठली.

“अगं बया! तुमाला येती?”

“कुस्तीच्या फडात मारायचो, लगीन व्हायच्या आदी,” महारुद्र ओशाळून म्हणाला. “मंग तू आलीस. तुझी शीळ ऐकल्यावर म्या कशाला मारू?”

“पण तुमचे तर पुढचे तीन दात न्हाईत!”

“तेच सांगायलोय. ह्याला दात लागतच न्हाईत. ओठ आत घ्यायचे, दातावरून दुमडून. बोटानं जीभ मागं ढकलायची. मंग फुंकायचं.”

त्याच्या शिळेनं मेंढरांनी क्षणभर बघितलं होतं आणि पुन्हा माना घातल्या होत्या. ओळखच नव्हती त्यांची त्या शिळेशी. पण नागूबाईचं लक्ष मेंढरांकडं नव्हतंच. ती नवऱ्याच्या तोंडाकडं बघत होती.

“पुन्यांदा दावा,” ती म्हणाली.

संध्याकाळपर्यंत दोघं माळावर बसून फुंकत होती. दिवस मावळायला आला तेव्हा नागूबाईच्या बोटांमधून पहिली शीळ निघाली, चिरकी, वाकडी. दुसऱ्या दिवशी ती सरळ झाली. तिसऱ्या दिवशी तिला धार आली, आणि चौथ्या दिवशी हायवेच्या कडेच्या हॉटेलातून एक जण विचारत आला की हे काय वाजायलंय.

पण शीळ नवी होती, आणि मेंढरांना जुनी ठाऊक होती. मग नागूबाईनं चंद्रीला धरलं. पदरात शेंगदाण्याची पेंड बांधून घ्यायची, लांब शीळ घालायची, आणि चंद्री जवळ आली की चिमूटभर द्यायची. पहिल्या दिवशी पेंड दाखवावी लागली. तिसऱ्या दिवशी नुसत्या शिळेवर चंद्री चालत आली आणि तिच्या मागं आणखी सात-आठ. आठवडा होता होता निम्मा कळप वळायला लागला. निम्मा अजून अडखळत होता, ऐकायचं की नाही अशा विचारात.

आणि नेमका त्याच आठवड्यात तलावावर घोटाळा झाला.

गावापासून कोसभरावर पाझर तलाव आहे. ऊन वाढल्यावर आसपासचं सगळं पाणी आटतं, ह्याचं तेवढं टिकतं. त्या दिवशी अकराच्या सुमाराला नागूबाई आणि महारुद्र मेंढरं घेऊन एका बाजूनं बांधावर चढले, आणि दुसऱ्या बाजूनं शिवप्पाची दीडेकशे मेंढरं उतरली. शिवप्पा कर्नाटकातल्या आळंदकडचा, दरवर्षी ह्या दिवसांत बायको उमाबाईसह मेंढरं चारत इकडं यायचा आणि पावसाळा जवळ आला की परत फिरायचा. त्याच्या मेंढरांनी काल दुपारपासून पाणी बघितलं नव्हतं. पाण्याचा वास लागताच ती सुटली. ती सुटली म्हणून ही सुटली. कुणाला काही करता यायच्या आत अडीचशेच्या वर मेंढरं एकाच काठावर, एकमेकांत घुसून, पाण्याला तोंड लावून उभी होती.

“अय्यो!” शिवप्पानं कपाळावर हात मारला.

दोन्हीकडची लोकर नुकतीच कातरलेली. पाठीवरचा खुणेचा गेरू त्याबरोबर गेला होता. कानावरच्या खुणा होत्या, पण त्या बघायच्या तर एकेक मेंढी धरून बघायची. त्यात दिवस मावळला असता. शिवप्पानं संध्याकाळी नऊ-दहा मैलांवरच्या एका शेतकऱ्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचा शब्द दिला होता. तो काठी घेऊन मेंढरांत घुसला आणि ढकलाढकली करायला लागला. मेंढरं बिथरून आणखीच मिसळली.

“सगळीच घेऊन जातो बघा मी,” तो घामाघूम होऊन म्हणाला. “वाटेत बघून तुमची निवडून ठेवतो. उद्या या तुम्ही.”

त्याच्या मनात पाप नव्हतं, हे नागूबाईला दिसत होतं. पण वाटेत हायवे होता, तीन गावं होती, आणि परक्या कळपातली मेंढी कुठं मागं राहील याचा नेम नव्हता. ती पुढं झाली.

“शिवप्पा, काठी खाली ठेव. तहानलेलं जनावर कुणाचं ऐकत न्हाय. पिऊ दे पोटभर. मंग माझी मी बोलावून घेते.”

“बोलावून? कशी?”

“शिळेनं.”

शिवप्पानं तिच्या तोंडाकडं, पुढच्या फटीकडं बघितलं आणि त्याला हसू आवरेना. “अक्का, दात गेला की वो तुमचा! गेल्या वर्षी ऐकली होती मी तुमची शीळ. आता कसली?”

महारुद्राच्या कपाळाला आठी पडली. नागूबाईनं त्याला डोळ्यानंच गप्प केलं. निम्माच कळप वळत होता, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण दुसरा इलाज नव्हता, आणि खरं सांगायचं तर तिला करून बघायचंच होतं.

ती बांधावर चढून वाऱ्याच्या तोंडावर जाऊन उभी राहिली. सगळ्यांना खाली बसायला सांगितलं, कुत्र्याला महारुद्राच्या हातात दिलं. मेंढरांची पिण्याची घाई सरली, माना वर यायला लागल्या. नागूबाईनं ओठ आत दुमडले, बोटं तोंडात घातली, आणि छातीत होता तेवढा वारा सोडला.

शीळ पाण्यावरून गेली, पलीकडच्या बांधाला आपटून परत आली. अडीचशे माना वर झाल्या.

आणि कुणीच हललं नाही.

एक श्वास. दोन श्वास. मग गर्दीच्या मधोमध काळं तोंड वळलं. चंद्री निघाली. दोन परक्या मेंढ्यांना खांद्यानं बाजूला सारत, चिखलातून पाय उपसत ती बांधाकडं चालायला लागली. तिच्या मागं सात-आठ. नागूबाईनं पुन्हा शीळ घातली, आणखी लांब. मागून वीस सुटल्या, मग तीस. ज्या आठवडाभर अडखळत होत्या त्यांनी शेजारणी जाताना बघितल्या आणि त्याही वळल्या. पाण्याच्या काठावर जणू कुणी शिवण उसवत नेली. एक कळप उभा राहिला आणि दुसरा त्यातून निघून बांधावर चढत गेला, नागूबाईच्या पायांपर्यंत, तिला वेढून, तिच्या पदराला हुंगत.

शिवप्पाची मेंढरं तिथंच उभी होती. आणि शिवप्पा तोंड उघडं टाकून.

महारुद्र मोजायला लागला. दोनदा मोजलं आणि डोकं खाजवलं. “एकशे तेरा.”

“आपली एकशे बारा.”

“म्हणूनच म्हनतोय.”

कळपाच्या कडेला लाल तोंडाचं एक परकं कोकरू उभं होतं. नागूबाईनं ते उचललं, बांध उतरून शिवप्पाच्या हातात दिलं. “तुझं हाय. उगं माझ्या शिळेला भुलून आलं.”

शिवप्पानं कोकरू घेतलं, आणि मग वाकून तिच्या पायाला हात लावला. “चुकलो, अक्का. गेल्या वर्षीपेक्षा मोठी हाय वो ही शीळ.”

“व्हय,” नागूबाई म्हणाली. “हाय.”

महारुद्र इतका फुलला होता की त्यानं शिवप्पाला तंबाखू दिली आणि तिथंच ज्ञानेश्वरीला फोन लावून सगळी हकिकत पहिल्यापासून सांगायला लागला. चंद्री कशी निघाली हे सांगताना तो स्वतः चालून दाखवत होता. फोनच्या पलीकडून सुनेचा आनंदानं ओरडल्याचा आवाज बांधावरच्या सगळ्यांना ऐकू आला.

इतका वेळ मागं उभी असलेली उमाबाई पुढं आली. कालपासून मेंढरांना हाका मारून तिचा घसा बसला होता, शब्द नीट फुटत नव्हते.

“अक्का, मला शिकवता का?”

नागूबाईनं तिला बांधाच्या सावलीत बसवलं. “हात धुऊन ये आदी. ओठ आत घे. असं. आता बोटं.”

“अक्का, लांब जायचं हाय आम्हाला,” शिवप्पा म्हणाला.

“जाशील की,” नागूबाई त्याच्याकडं न बघता म्हणाली. “बस जरा तिकडं झाडाखाली.”

शिवप्पा बसला. बांधाखालून ‘फुस्स’, मग पुन्हा ‘फुस्स’ असा आवाज यायला लागला, आणि त्याच्या पाठोपाठ दोन बायकांचं मोठमोठ्यानं हसणं.